अंगठा लावण्यापूर्वी



वर्षभरात आपण किती ठिकाणी अंगठा लावतो, याची एकदा घरातल्या सर्वांनी बसून मोजदाद करावी. रेशन दुकानात दर महिन्याला लावतो. कृषी सेवा केंद्रात युरियाची गोणी उचलताना लावतो. बँक मित्राकडे पैसे काढताना, पीएम किसानची केवायसी करताना, म्हाताऱ्या माणसांचा हयातीचा दाखला काढताना, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जमिनीचा दस्त करताना, नवे सिम कार्ड घेतानाही लावतो. एके काळी कोणी ‘अंगठाछाप’ म्हटले की माणसाला राग येई. आज शहरातला शिकलासवरलेला साहेबसुद्धा सकाळी कचेरीत शिरताना यंत्रावर अंगठाच टेकवतो.

ही यंत्रे करण्याचा नि विकण्याचा आज जगभर मोठा धंदा झाला आहे, आणि तो वर्षागणिक वाढतो आहे. अंगठा, डोळ्यातले बुबुळ, चेहरा, आवाज अशा शरीराच्या खुणांवरून माणूस ओळखण्याच्या या विद्येला बायोमेट्रिक असे म्हणतात. दुकानातून बियाणे घेताना आपण पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचतो, तारीख पाहतो, पावती मागतो. अंगठा देताना मात्र आपण काहीच पाहत नाही. म्हणून या आठवड्यात पीकपाण्याचा विषय थोडा बाजूला ठेवून अंगठ्याविषयी बोलू या.

नांगराच्या निशाणीपासून

आपल्याकडे जुन्या कागदांवर पाटलाची खूण म्हणून नांगर काढलेला आढळतो. ‘निशाणी नांगर’ असे शेजारी लिहिलेले असे. लिहिता न येणाऱ्याची सही ती हीच. खूण खरी असे, पण वर काय लिहिले आहे ते खूण करणाऱ्याला वाचता येत नसे. त्यातूनच पुढे कर्जरोख्यांचे प्रकरण पेटले. १८७५ साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून कर्जाचे रोखे जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, आणि शेतकऱ्याने केलेला रोखा सरकारी नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा अशी तरतूद त्यात आली. खूण कशावर होते आहे, हे खूण करणाऱ्याला कळले पाहिजे, हा त्यामागचा हेतू.

अंगठ्याच्या ठशाची कथाही आपल्याच देशातली आहे. १८५८ च्या जुलै महिन्यात बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्षेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्यासाठी खडी-मुरूम पुरविण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी केला. पुढे हा माणूस ‘ही सही माझी नव्हेच’ असे म्हणेल, या धास्तीने त्याने कोनाईच्या तळहाताला शाई लावून त्याचा छाप करारावर घेतला. १८७७ साली हुगळी येथे असताना हर्षेलने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे आणि दस्त नोंदविणाऱ्यांचे बोटांचे ठसे घेण्यास सुरुवात केली. मेलेल्या माणसाच्या नावावर दुसराच कोणी वेतन उचलून नेत असे, त्याला आळा घालावयाचा होता. आजचा हयातीचा दाखला त्याच घराण्यातला.

ठसे घेणे सोपे, पण हजारो ठशांतून एक शोधायचा कसा? ती पद्धत कलकत्त्यास पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली बसली. तिचे गणित बसविण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन माणसांचा मोठा वाटा होता. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली, आणि १९०१ साली लंडनच्या पोलिसांनी तीच पद्धत उचलली. म्हणजे ही विद्या इथून तिकडे गेली, आणि शंभर वर्षांनी यंत्राच्या रूपाने विकत परत आली.

यंत्र काय पाहते?

बोटाच्या टोकावर बारीक रेघा असतात. नांगरटीच्या तासांसारख्या त्या एकमेकींच्या शेजारून जातात. मध्येच एखादी रेघ संपते, एखादीला फाटा फुटतो. यंत्र बोटाचा फोटो घेते आणि या संपण्याच्या नि फुटण्याच्या जागा टिपून त्यांचा आकड्यांचा नकाशा करते. आधारच्या दप्तरात तुमचा जो नकाशा आहे, त्याच्याशी तो ताडून पाहिला जातो. पुरेशा जागा जुळल्या की ‘हो’, नाही तर ‘नाही’.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हे जुळणे अंदाजाचे असते. दोनदा लावलेला एकच अंगठा दोन्ही वेळा तंतोतंत सारखा उमटत नाही. म्हणून किती जुळले म्हणजे पुरे, याची एक रेषा ठरवावी लागते. रेषा सैल ठेवली तर परका माणूस आत शिरण्याचा धोका, आणि आवळली तर खऱ्याच माणसाला बाहेर ठेवण्याचा धोका. धान्य चाळताना भोके मोठी असली की खडा खाली येतो, लहान असली की दाणाही वर अडकतो. तसेच हे आहे.

बाजार कशामुळे वाढला?

पूर्वी ही यंत्रे पोलिसांपुरतीच होती. २००१ साली अमेरिकेवर विमानहल्ले झाले. त्यानंतर तिथल्या सरकारने परदेशी पाहुण्यांचे ठसे विमानतळावर घ्यावयास सुरुवात केली, आणि इतर देशांनीही तोच मार्ग धरला. २०१३ साली ॲपल कंपनीने आपल्या फोनला बोटाचे कुलूप बसविले. मग सर्वच कंपन्या त्यामागे लागल्या आणि ठसा टिपणारा भाग फार स्वस्त झाला. बुबुळ ओळखण्याची रीत इंग्लंडमधील केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी काढली, तिचे एकस्व त्यांना १९९४ साली मिळाले. आज जपान, फ्रान्स, दक्षिण कोरिया, अमेरिका, चीन अशा देशांतल्या मोठ्या कंपन्या यात आहेत, आणि आपल्याकडेही अशी यंत्रे बनतात.

या बाजाराच्या नकाशावर आपल्या महाराष्ट्रातले एक खेडे ठळक आहे. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातील टेंभली. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक तेथील गावकऱ्यांना देण्यात आले. एकाच माणसाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून ठसे ताडून पाहण्याचे काम त्या वर्षी ज्या कंपन्यांच्या गटांना मिळाले, त्यांत फ्रान्सची मॉर्फो आणि अमेरिकेची एल-१ या कंपन्या होत्या. आज आधारच्या दप्तरात शंभर कोटींहून कितीतरी अधिक लोकांची दहा बोटे, दोन बुबुळे आणि चेहरा जमा आहे. एवढा मोठा संग्रह जगात दुसऱ्या कोठे झालेला नाही. सांगावयाचे तात्पर्य हे की, या धंद्यात कच्चा माल आपण आहोत, आणि गिऱ्हाईकही आपणच.

यात फायदा नाही असे नव्हे. निराधार म्हातारीला पैसे काढण्यासाठी तालुक्याची बँक गाठावी लागत नाही, ती गावातच बँक मित्राकडून पैसे घेते. निवृत्त माणसाचा हयातीचा दाखला २०१४ पासून यंत्रावर निघतो. रेशनच्या खोट्या नावांना चाप बसला. परंतु प्रत्येक औताला जशी धार असते, तशी याही औताला आहे.

ही किल्ली बदलता येत नाही

घराची किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. एटीएमचा आकडा दुसऱ्याला कळला तर नवा आकडा घेता येतो. अंगठा मात्र जन्माचा एकच. त्याची नक्कल एकदा चोराच्या हाती गेली की ती आपल्या हयातीत परत घेता येत नाही.

आणि नक्कल होऊ शकते. जर्मनीतील काही संगणक जाणकारांनी २००८ साली तिथल्या गृहमंत्र्यांचा ठसा त्यांनी वापरलेल्या पेल्यावरून उचलला आणि आपल्या मासिकात छापून दाखविला. अमेरिकेत सरकारी नोकरांच्या दप्तरावर डल्ला पडला, त्यात ५६ लाख माणसांचे ठसे चोरीला गेल्याचे २०१५ साली जाहीर झाले. आपल्या शेजारी तेलंगणात २०१८ साली एका सिम कार्ड विकणाऱ्याने जमिनीच्या दस्तांवरचे ठसे संगणकावरून उतरवून घेतले आणि त्यांचे रबरी अंगठे बनवून लोकांच्या नावावर सिम कार्डे चालू केली. जमिनीच्या दस्तावर आपला फोटो आणि ठसा असतो, हे आपण जाणताच.

खेड्यात सर्वांत जपावयाची जागा म्हणजे आधारवरून पैसे काढण्याची सोय. तेथे आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. एटीएम कार्ड लागत नाही, गुप्त आकडा लागत नाही, ओटीपीही लागत नाही. एका वेळी दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम निघू शकते. म्हणून रबरी अंगठे करणाऱ्यांचा डोळा याच खिडकीवर असतो. सरकारनेही हे ओळखले आहे. बोट जिवंत माणसाचे आहे की नकली, हे पाहण्याची नवी तपासणी आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणली. रिझर्व्ह बँकेनेही पैसे देणाऱ्या केंद्रचालकांची कसून चौकशी करावी, असा आदेश २०२५ च्या जून महिन्यात बँकांना दिला, आणि तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. तरीपण कुंपण कितीही पक्के असले तरी राखण सोडून चालत नाही.

खताच्या गोणीचा हिशेब

हे माझ्या खात्याजवळचे आहे, म्हणून थोडे अधिक सांगतो. २०१८ पासून देशभर अनुदानित खताची विक्री यंत्रावर नोंदवून होते. तुम्ही अंगठा लावला, विक्रीची नोंद झाली, की त्या नोंदीवर सरकार खत कंपनीला अनुदान देते. म्हणजे तुमच्या अंगठ्याने सरकारी तिजोरी उघडते. तुम्ही दोन गोण्या नेल्या आणि नोंद दहांची झाली, तर उरलेल्या आठ गोण्या तुमच्या नावावर दुसरीकडे जाऊ शकतात. पुढे चौकशी आली की यंत्रात नाव तुमचे. म्हणून ‘काका, एवढा अंगठा लावून जा, गाडी खाली करायची आहे’ असे कोणी म्हटले तर तोंडावर नाही म्हणावे. ओळखीचा दुकानदार असला तरी म्हणावे. आपण न घेतलेल्या मालाला आपला अंगठा लावू नये.

कष्टाची बोटे आणि यंत्राचा नकार

आता दुसरी बाजू. ज्याने आयुष्यभर खुरपे, विळा नि कोयता धरला, चुन्यात-सिमेंटात हात घातले, ऊस तोडला, त्याच्या बोटांच्या रेघा झिजतात. वयानेही त्या पुसट होतात. धुण्या-भांड्यांनी बायकांच्या बोटांना चिरा पडतात. यंत्र नकार देते, मागे रांग लागलेली असते आणि म्हातारा माणूस खाली मान घालून पिशवी घेऊन परततो. बंधूंनो, मान खाली घालण्याचे कारण नाही. बोटे कामाने झिजली आहेत, आणि ओळखता न येणे हा यंत्राचा उणेपणा आहे.

अशा वेळी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोटे फार सुकलेली असतील तर ओल्या फडक्याने किंचित पुसावीत. रात्री झोपताना बोटांना खोबरेल तेल चोळण्याची सवय ठेवावी. फार जोराने दाबू नये, रेघा चेपतात. यंत्राची काच पुसावयास सांगावे. अंगठा चालला नाही तर दुसरी बोटे लावून पाहावीत, कारण दहाही बोटांची नोंद झालेली असते. नेहमीच अडत असेल तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने नोंदवावेत. पीएम किसानसाठी मोबाइलवरच्या ओटीपीवरून आणि २०२३ पासून चेहऱ्यावरूनही केवायसी करता येते.

इतके करूनही अंगठा जुळला नाही, तर हक्काचे रेशन सोडून येऊ नये. केंद्र सरकारच्या अन्न खात्याने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच राज्यांना लिहून कळविले आहे की, यंत्राने ओळखले नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून, नोंद करून ते द्यावे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ठसा जुळला नाही म्हणून कोणी हक्काच्या लाभाला मुकू नये, यावर भर दिला. दुकानदाराने ऐकले नाही तर तहसील कचेरीतील पुरवठा शाखेकडे लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला पाय नसतात.

घरात पाळावयाचे नियम

हे नियम वहीत उतरून घ्यावेत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या मुलीने वा मुलाने वाचून दाखवावेत.

१. अंगठा लावण्यापूर्वी ‘कशासाठी?’ आणि ‘किती रकमेसाठी?’ हे विचारावे. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा स्वतः पाहावा किंवा सोबतच्या माणसाकडून वाचून घ्यावा.

२. ‘जुळले नाही, पुन्हा लावा’ असे म्हटले तर आधीचा व्यवहार फसल्याची चिठ्ठी मागावी. पहिल्याच अंगठ्याला पैसे निघालेले असतात आणि दुसऱ्याला पुन्हा निघतात, अशी फसवणूक होते.

३. प्रत्येक व्यवहाराची पावती घ्यावी. खताच्या पावतीवरील गोण्या आणि गाडीतल्या गोण्या ताडून पाहाव्यात. पावत्या एका पिशवीत वर्षभर जपाव्यात.

४. आपला चालू मोबाइल क्रमांक बँकेत आणि आधारमध्ये नोंदवावा. पैसे निघाल्याचा संदेश येतो तो याच क्रमांकावर. जुने सिम बंद पडले असेल तर पहिले काम हे करावे.

५. अंगठ्याला कुलूप घालता येते. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक बंद करण्याची सोय फुकट आहे. कुलूप असताना अंगठा, बुबुळ, चेहरा यांपैकी काहीच चालत नाही. रेशनला वा खताला जाताना ते थोड्या वेळापुरते उघडावे. घरात एखादे शिकलेले पोर असेल तर त्याच्याकडून हे काम शिकून घ्यावे. मात्र म्हाताऱ्या माणसांना दर वेळी उघडणे जमणार आहे का, याचा विचार करून मगच कुलूप घालावे.

६. आधार क्रमांक कोठे कोठे वापरला गेला, याची गेल्या सहा महिन्यांची यादी तिथेच पाहावयास मिळते. सणासुदीला घरचा हिशेब करतो, तशी ही यादी मधून मधून पाहावी.

७. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहावी. पहिले आठ आकडे झाकलेली आधारची प्रतही मिळते, चालेल तिथे तीच द्यावी.

८. दारावर येऊन फुकट भांडी, फुकट सिम किंवा नव्या योजनेचे नाव सांगून अंगठा मागणाऱ्याला ओसरीवरूनच परत लावावे. त्याच्याकडे ओळखपत्र असले तरी आधी ग्रामपंचायतीत विचारावे.

९. खात्यातून पैसे गेल्याचे कळले की त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेत लेखी तक्रार द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने पाया घातला तो असा की, चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा प्रकरणात संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर तोटा पडू नये. उशीर केला की हा आधार दुबळा होतो. आधारविषयी चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

१०. मुलांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नोंदवावे लागतात. तेवढे वेळेवर करावे, म्हणजे शाळेच्या आणि शिष्यवृत्तीच्या कामात अडत नाही.

मायभगिनींना वेगळे सांगणे आहे. बचत गटाचे पैसे, निराधार योजनेचे पैसे, मुलीच्या शिष्यवृत्तीचे पैसे हे बऱ्याचदा तुमच्या अंगठ्यावर निघतात. ‘तुला काय कळतंय, लाव अंगठा’ असे घरातल्याने म्हटले तरी आकडा विचारावा. पैसे कितीही आणि कोणाच्याही हाती जावोत, किती निघाले हे तुम्हांला ठाऊक असलेच पाहिजे.

सुप्याच्या शेतकऱ्यांना आपण कशावर खूण केली ते कळले नव्हते, आणि कळले तेव्हा रोखे जाळण्यावाचून त्यांना मार्ग दिसला नाही. आज यंत्रातली नोंद जाळता येत नाही. पण आपल्याला वाचता येते, विचारता येते, पावती मागता येते, आणि कायदाही काही अंशी पाठीशी आहे. जगाच्या बाजारात यंत्रे वाढत जातीलच. उद्या चेहरा दाखवूनच सारी कामे होतील. यंत्र कोणतेही येवो, आपला प्रश्न ठरलेला असावा : कशासाठी, आणि किती?

आपल्या गावी अंगठ्याच्या व्यवहारात काही अडचण आली असल्यास या सदराच्या पत्त्यावर थोडक्यात लिहून कळवावे. पत्रात आधार क्रमांक मात्र लिहू नये. पुढील अंकी पुन्हा शेतात येऊ आणि घरच्या बियाण्याची उगवणशक्ती घरीच कशी तपासावी, ते पाहू.